नणंदेचा कोळसा आणि पुण्याची हवा

पुण्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या साठीला बंगळूरच्या मुलाने जांभळ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस ऑर्किड पाठवलं. नोव्हेंबरात आलेली फुलं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टिकली. ती गळल्यावर ताईंनी ‘आता याला चांगली माती मिळू दे’ म्हणून झाड कुंडीतून काढलं, मुळांभोवतीचं ओलसर कापसासारखं काहीतरी टाकून दिलं आणि लाल माती, शेणखत, कोकोपीट घालून नव्या कुंडीत लावलं. महिन्याभरात पानं लुळी पडली. एक व्हिडिओ पाहून त्यांनी झाड उपसलं, कुजलेली मुळं कापली, जखमांवर आणि उरलेल्या मुळांवर दालचिनीची पूड चोळली. रत्नागिरीच्या नणंदेकडे ऑर्किडं कोळशात छान फुलतात, म्हणून ८ इंची मातीच्या कुंडीत निव्वळ कोळसा आणि विटांचे तुकडे भरून ते पुन्हा लावलं. त्याला आता वीस दिवस झाले. चार मुळं टणक आहेत. पाच पानांपैकी खालचं पिवळं पडलंय, वरची दोन सुरकुतली आहेत. नणंद म्हणते पाणी कमी पडतंय, नर्सरीवाले म्हणतात जास्त होतंय, शेजारीण म्हणते तांदळाचं धुवण घाला. मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर झाड दाखवायला सांगतो आणि ताईंना अपराधी वाटतं. त्यांचा प्रश्न असा: ‘यासाठी कुंडीत भरायला सगळ्यांत उत्तम माध्यम कोणतं? पुन्हा कुंडी बदलू का? की झाड गेलंच?’

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं वाचताना मन तिथेच अडकून राहील. झाड गेलेलं नाही. टणक मुळं चार आहेत आणि मधला कोंब हिरवा आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. फॅलेनॉप्सिसचा जीव त्या मधल्या कोंबात असतो. तो शाबूत असेल तर झाड दोन मुळांवरूनही उभं राहतं. वेळ मात्र घेतं. निरोगी झाडसुद्धा वर्षाला दोन-तीनच पानं काढतं, त्यामुळे वीस दिवसांत नवं पान आलं नाही याचा काहीही वाईट अर्थ काढू नका. तळाचं पान पिवळं पडलं तेही साहजिक आहे. मुळं कमी झाली की झाड जुनं पान रिकामं करून त्यातलं पाणी आणि अन्न वर चढवतं. ते पान ओढून काढू नका, वाळून आपोआप सुटेल.

आता मातीचं. तुम्ही लिहिलंय, ‘एवढी वर्षं तुळस, मोगरा, जास्वंद वाढवली, मग याच्याच बाबतीत हात कसा चुकला?’ हात चुकला नाही. तुळशीला जे हवं तेच तुम्ही याला दिलंत. प्रश्न एवढाच की हे झाड मातीतलं नव्हेच.

माझं आजोळ सावंतवाडीजवळ. तिथे परसातल्या जुन्या आंब्यावर सीतेची वेणी होती, तीच आमरी, पाऊस तोंडावर आला की जिचे गुलाबी-पांढरे गजरे लोंबतात. तिची मुळं उघड्या खोडावर बोटांसारखी पसरलेली असत. पावसाची सर आली की ती हिरवी होत आणि उन्ह पडून तास-दोन तास झाले की पुन्हा चंदेरी. मातीचा कण नाही, शेणखत नाही. आंब्यातून ती काही शोषतही नव्हती, फक्त बसायला जागा घेतली होती. तुमचं फॅलेनॉप्सिस त्याच जातकुळीचं. त्याचे पूर्वज फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या जंगलांत असेच झाडांच्या खोडांवर राहतात. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. ते मिनिटाभरात पाणी शोषून घेतं आणि मग हळूहळू वाळतं. त्या वाळण्यातच मुळाला हवा मिळते. मातीत आणि कोकोपीटमध्ये हे आवरण कधी वाळलंच नाही. मुळं गुदमरली आणि मग कुजली.

म्हणून ‘उत्तम माध्यम कोणतं’ हा तुमचा प्रश्न मी जरा फिरवून मांडते. तुळशीच्या कुंडीतली माती हे अन्न असतं. ऑर्किडच्या कुंडीतलं माध्यम अन्न नसतं, ती आंब्याच्या खोडाची जागा भरून काढणारी सोय असते. झाड हलू नये, मुळांभोवती हवा खेळावी आणि पाणी एका ठरावीक वेगाने वाळावं, एवढंच त्याचं काम. तो वेग कुंडी जिथे ठेवली आहे तिथली हवा ठरवते, आणि तुमच्या हाताची सवयही ठरवते.

इथेच तुमच्या नणंदेचा सल्ला आणि तुमचं झाड यांचा मेळ बसला नाही. त्यांचं काही चुकत नाही. रत्नागिरीची हवा बारा महिने दमट. तिथे झाडाची साल किंवा नारळाचं सोडण पावसाळाभर ओलं राहून कुजतं, म्हणून न कुजणारा, चटकन निथळणारा कोळसा तिथल्या लोकांनी अनुभवाने निवडला आहे. पुण्यात चैत्र-वैशाखाच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचं धुणं तासाभरात वाळतं. तिथे मोठ्या तुकड्यांचा निव्वळ कोळसा, त्यात चहूबाजूंनी पाणी झिरपवणारी मातीची कुंडी, तीही ८ इंची. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जात असणार. तुम्ही आठवड्यातून तीनदा कपभर पाणी घालता, म्हणजे त्या चार मुळांना पाणी भेटतं ते काही तासांपुरतंच.

मग नर्सरीवाले ‘पाणी जास्त होतंय’ का म्हणाले? कारण त्यांनी झाड पाहिलं नाही, फक्त लक्षण ऐकलं. सुरकुतलेली पानं एवढंच सांगतात की पानांपर्यंत पाणी पोचत नाही. कुंडी कोरडी असली तरी पोचत नाही, आणि कुंडी ओली असून मुळं कुजली असली तरी पोचत नाही. तुमच्या झाडावर या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक आल्या. मार्चमध्ये मुळं कुजल्यामुळे पानं लुळी पडली. आता उरलेली मुळं तहानलेली आहेत. पानांवरून हा फरक कळत नाही, मुळांवरूनच कळतो. बोटाच्या चिमटीत मूळ हलकेच दाबा. टणक असेल तर जिवंत, मग रंग तपकिरी का असेना. पोकळ नळीसारखं दबलं आणि साल सरकून आतला दोरा हाती आला तर ते मेलेलं.

दालचिनीबद्दलही सांगायला हवं, कारण हे पुष्कळ जण करतात. दालचिनीची पूड कोरडेपणा आणते. पान कापलं, फुलदांडा कापला, तिथल्या जखमेवर चिमूटभर लावली तर ठीक. जिवंत मुळांवर चोळली तर ती मुळांतलं पाणी ओढून घेते. झालं ते झालं, आता पुढच्या पाण्याबरोबर ती धुऊन जाऊ द्या. आणि तांदळाचं धुवण, कांद्याच्या सालींचं पाणी, ताक यांपैकी काहीही या कुंडीत नको. मातीत हे पदार्थ कुजवायला जिवाणूंचा मोठा संसार असतो. कोळशाच्या किंवा सालीच्या फटींत ते नुसते आंबतात, वास येतो, चिलटं होतात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

आता कुंडी पुन्हा बदलावी का? एरवी मी ठाम नाही म्हटलं असतं. दर पंधरा दिवसांनी उपसून मुळं तपासणारी माणसं मी पाहिली आहेत. काळजीपोटीच करतात, पण दर वेळी मुळांची नाजूक टोकं मोडतात आणि झाड पुन्हा शून्यावर येतं. तुमच्या बाबतीत मात्र मी एकदा बदला म्हणेन, आणि हा आठवडा संपायच्या आत. वीस दिवसांत मुळांनी कोळशाला मिठी मारलेली नसणार, त्यामुळे झाड अलगद सुटेल. तसंच राहू दिलं तर वैशाख काढणं त्याला जड जाईल. पण यानंतर दीड-दोन वर्षं हात लावायचा नाही, हे मनाशी ठरवूनच बसा.

कुंडी लहान घ्या, ४ इंची, शक्यतो पारदर्शक प्लास्टिकची, तळाला आणि बाजूंना भोकं असलेली. झाड आलं होतं ती आतली कुंडी टाकली नसेल तर तीच धुऊन वापरा. ‘वाढेल म्हणून मोठी घ्यावी’ हे मुलांच्या कपड्यांना लागू पडतं, ऑर्किडला नाही. उरलेली मुळं वाटोळी बसतील आणि बाजूला बोटभर जागा राहील एवढीच कुंडी हवी. पारदर्शक यासाठी की मुळांचा रंग बाहेरून दिसतो. चंदेरी-पांढरी दिसली की पाणी द्यायची वेळ झाली, हिरवी आहेत तोवर थांबायचं. याइतकं भरवशाचं मोजमाप दुसरं नाही.

माध्यमात तुमच्या जागेसाठी मी दोन भाग पाइनची साल, एक भाग कोळसा आणि मूठभर स्फॅग्नम मॉस, म्हणजे एक प्रकारचं वाळवलेलं शेवाळ, सुचवेन. (तुम्ही टाकून दिलेलं ते कापसासारखं म्हणजे बहुधा हे मॉसच.) साल चिंचोक्यापासून सुपारीएवढ्या तुकड्यांची असावी, भुगा चाळणीने चाळून टाका, कारण भुगाच फटी बुजवतो. कोरडी साल पाणी अंगाला लावून घेत नाही, म्हणून ती रात्रभर भिजत ठेवा. कोळसा तुमच्याकडचाच, फक्त सुपारीएवढा फोडून आणि धुऊन घ्या. तो लाकडाचाच हवा. शेगडीसाठी साच्यातून काढलेल्या तयार वड्या मिळतात त्या नकोत, त्यांत चिकटवण्यासाठी दुसरे पदार्थ घातलेले असतात. मॉस भिजवून चांगलं पिळा आणि सुटं सुटं करून सालीत मिसळा. दाबून भरलं की तेही कोकोपीटसारखंच वागतं.

निव्वळ मॉस का नको, असा प्रश्न पडेल, कारण बागेतून आलेलं झाड त्यातच होतं. व्यापारी शेडमध्ये हवा, उजेड, पाणी सगळं मोजून दिलेलं असतं, तिथे मॉस उत्तम. घरी मात्र मॉस वरून वाळलेलं दिसतं आणि आत ओलं असतं. ज्यांना रोज झारी हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही त्यांच्याकडे मॉसमध्ये झाड कुजतं. तुमच्या पत्रावरून तुमचा हात मायेचा आणि पाण्याचा वाटतो, म्हणून मी सालीकडे झुकले. आठवड्यातून एकदाच आठवण होते अशा माणसाला मी याच पुण्यात मॉस जास्त घालायला सांगितलं असतं.

लावताना तळाची पानं माध्यमाच्या पातळीच्या किंचित वर राहतील असं बसवा. पानांचा बुडखा गाडला गेला तर तो कुजतो. मुळं कमी असल्यामुळे झाड डुगडुगेल, तेव्हा बांबूची काडी रोवून सुती दोऱ्याने सैलसर बांधून ठेवा. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं पुन्हा पुन्हा घासून मरतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कात्री वापरावी लागली तर आधी गॅसच्या ज्योतीवरून फिरवून गार करून घ्या. जुना फुलदांडा अजून हिरवा असला तरी तळाशी कापा. त्यावर पुन्हा कळ्या येतील हे खरं, पण आत्ता झाडाने कळ्यांवर जीव खर्च करू नये.

नव्या कुंडीत बसल्यावर दोन-तीन दिवस पाणी नको, जखमा सुकू द्या. तेवढे दिवस सकाळी भोवतालच्या हवेत बारीक फवारा पुरे. मग पाणी देताना कपाने नको. नळाखाली किंवा झारीने, सगळं माध्यम भिजून तळातून भळाभळा वाहील इतकं द्या आणि पूर्ण निथळू द्या. बाहेरच्या शोभेच्या कुंडीत पाणी साठू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये बहुधा दर दोन-तीन दिवसांनी द्यावं लागेल, पण वार ठरवू नका, मुळांचा रंग बघा. आतलं दिसत नसेल तर खराट्याचा एक स्वच्छ हीर तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा आणि गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे.

पाणी सकाळीच, आणि पानांच्या मधल्या पेल्यात साचलं तर कागदाच्या वातीने टिपून घ्या. जंगलात फॅलेनॉप्सिस खोडाला आडवं लटकतं, त्यामुळे पाणी आपोआप ओघळून जातं. आपण त्याला कुंडीत उभं बसवतो, मग तेच पाणी कोंबात साठून एका रात्रीत कोंब सडवू शकतं. पाण्याबद्दल आणखी एक. तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर कोळशावर पांढरा थर दिसेल, ते क्षार मुळांची टोकं जाळतात. घरातल्या शुद्धीकरण यंत्रातून बाजूला पडणारं पाणी तर या झाडाला कधीही घालू नका. वाया जाऊ नये म्हणून ते बागेला घालायची पद्धत आहे, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. प्यायचं पाणी वापरा, आणि पावसाळ्यात बादलीभर पावसाचं धरून ठेवता आलं तर फारच छान.

गॅलरीत सकाळी अकरापर्यंत ऊन येतं असं तुम्ही लिहिलंय. आत्ताचं अकराचं ऊन या पानांना सोसणार नाही. पूर्वेच्या खिडकीत पातळ पडद्याआड आणा. पानांवर वीतभर उंचीवर हात धरा, सावलीच्या कडा धूसर पडल्या तर उजेड बरोबर आहे, कडा ठसठशीत असतील तर ऊन जास्त. दुपारी पानाला हात लावून पाहा, गरम लागता कामा नये. परातीत खडे पसरून त्यात पाणी घाला आणि खड्यांवर कुंडी ठेवा, तळ पाण्याला टेकू देऊ नका. तुमच्या बाकीच्या कुंड्या भोवती आणून ठेवल्यात तरी हवेत ओलावा राहील. हवा मात्र खेळती असू द्या.

खत आत्ता बिलकूल नको. मुळाला नवं हिरवं किंवा तांबूस टोक फुटलेलं दिसेल तेव्हा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही आधी साध्या पाण्याने माध्यम भिजवून मग. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा.

जूनचा पाऊस सुरू झाला की या झाडाचे चांगले दिवस येतील, हवा दमट आणि ऊन मऊ. मुळं तेव्हाच फुटतात. पण झाड थेट पावसात ठेवू नका, आणि रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई शोधा, नव्या मुळांची कोवळी टोकं त्यांना फार आवडतात. सुरकुतलेली जुनी पानं कदाचित पूर्ववत ताठ होणार नाहीत, त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नका. नवं मूळ आणि नवं पान, हीच बरं होण्याची खूण. येत्या हिवाळ्यात फुलांची अपेक्षा नको. रात्री थंड झाल्या की फुलदांडा फुटू शकतो, पण तोवर निदान चार धडधाकट पानं आणि पुरेशी मुळं झाली नसतील तर तो छोटा असतानाच खुडून टाका. जिवावर येतं, तरी खुडा. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली फुलं त्यामुळे वाचतील.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. मुंबई, ठाणे, कोकण, गोव्यात असाल तर कोळशाचं प्रमाण वाढवा, साल कमी करा, मॉस जवळजवळ वगळा. नारळाचं सोडण वापरायचं असेल तर तुकडे करून तीन-चार दिवस रोज पाणी बदलत भिजवा, म्हणजे त्यातले क्षार निघून जातील, आणि दर पावसाळ्यानंतर ते मऊ पडलंय का पाहा. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात मॉस वाढवावं लागेल आणि कुलरच्या थेट झोताखाली झाड ठेवता येणार नाही. डेंड्रोबियम या ऑर्किडला नवा कोंब फुटू लागला की कुंडी बदलतात. व्हँडा या ऑर्किडला तर माध्यमच लागत नाही, लाकडी टोपलीत नुसतं टांगतात आणि रोज भिजवतात. आणि रानातल्या झाडावरची आमरी उपटून आणून घरच्या कुंडीत जगवण्याचा मोह टाळा, ती तिथेच राहू द्या.

राहिला तुमचा मुलगा. अपराधी वाटतं म्हणून तुम्ही गेले दोन रविवार झाड खिडकीत उलटं फिरवून, बरी पानं कॅमेऱ्यासमोर करून दाखवलीत, हे वाचून मला गलबलून आलं. त्याने झाड पाठवलं ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून. ते एकटीने सांभाळून दाखवायची परीक्षा त्याने तुम्हाला दिलेली नाही. या रविवारी त्याला सगळं सांगा, मातीपासून दालचिनीपर्यंत. कॉल सुरू असताना पारदर्शक कुंडी उचलून त्याला ती चार चंदेरी मुळं दाखवा, मग त्याच्यासमोर पाणी घाला आणि ती हिरवी होताना दोघं मिळून बघा. आणि रत्नागिरीला फोन कराल तेव्हा नणंदबाईंना कळवा, कुंडीत एक तृतीयांश कोळसा त्यांचाच आहे.